मोफत पॅनेल बदलूनही सर्व्हर पुन्हा पुन्हा का पडतो? तपासणी आणि पॅनेलची निवड

लक्षण बहुतेकांकडे सारखंच असतं. एक-दोन जीबी रॅमचा छोटा सर्व्हर घेतला, त्यावर एखादं मोफत कंट्रोल पॅनेल, म्हणजे साइट, डेटाबेस आणि मेल ब्राउझरमधून सांभाळायचं सॉफ्टवेअर, चढवलं, दोन-तीन साइट टाकल्या. काही दिवस सगळं सुरळीत. मग एका सकाळी साइटवर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश दिसतो आणि पॅनेल उघडायला मिनिटभर लागतं किंवा ते उघडतच नाही. रीबूट केलं की सगळं ठीक. आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी पॅनेलच खराब आहे असं वाटून दुसरं टाकलं जातं आणि पंधरा दिवसांत तेही त्याच वळणावर येतं.

यात पॅनेलचा स्वतःचा दोष क्वचितच असतो. आपल्याला पॅनेलची फक्त पडद्यावरची बटणं दिसतात, पण त्यामागे वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल सर्व्हर, अँटीव्हायरस, स्पॅमची गाळणी, नेम सर्व्हर, एफटीपी असा अख्खा संसार येतो. तो संसार सर्व्हरला पेलणार आहे का, हे न बघता निवड झालेली असते. त्यामुळे कोणतं पॅनेल चांगलं हे विचारण्याआधी यातल्या कोणत्या सेवा आपल्याला खरोखर लागणार आहेत, हे ठरवावं लागतं. आधी बिघाड नेमका शोधू, निवडीकडे मग वळू.

रीबूट करण्याआधी

सर्व्हर अडकला की पहिला हात रीबूटकडे जातो आणि तिथेच पुरावा पुसला जातो. एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या जोडणीने, आत जाता येत असेल तर आधी कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग बघा. डीमेसेज ही कमांड चालवा, किंवा जर्नलसीटीएलला के पर्याय द्या, आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘किल्ड प्रोसेस’ हे शब्द शोधा. सापडले तर निदान झालं: रॅम संपली आणि कर्नलने एक प्रक्रिया मारून टाकली.

त्या ओळीत बहुतेक वेळा मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलचं नाव असतं आणि लोक डेटाबेसच्या मागे लागतात. पण कर्नल साधारणपणे त्या क्षणी सर्वांत जास्त रॅम धरून बसलेल्या प्रक्रियेला मारतो. रॅमचा वापर अचानक कोणी वाढवला, हे तो बघत नाही. खरा खाणारा शोधायचा तर त्या ओळीच्या थोडं वर जा. मारण्यापूर्वी कर्नल सगळ्या चालू प्रक्रियांचा तक्ता छापतो. त्यातला आरएसएसचा, म्हणजे प्रक्रियेने प्रत्यक्ष धरलेल्या रॅमचा, रकाना पानांमध्ये (रॅमच्या ठरावीक तुकड्यांत) असतो आणि नेहमीच्या सर्व्हरवर एक पान चार केबीचं असतं. म्हणजे आकड्याला चारने गुणलं की केबी मिळतात. पीएचपीच्या ओळी किती आहेत, क्लॅमडीचा, म्हणजे अँटीव्हायरसचा, आकडा किती आहे, हे तिथेच कळतं आणि पुढचा अंदाजपंचे कारभार वाचतो.

कर्नलच्या लॉगमध्ये काहीच नसेल तर डिस्क तपासा. डीएफ कमांड आधी एच पर्यायाने चालवा आणि लगेच आय पर्यायानेही. पहिलीत जागा कळते, दुसरीत आयनोड, म्हणजे आणखी किती फाईल मावतील ते. लाखो छोट्या सेशन किंवा कॅश फाईल साठल्या की जागा शिल्लक असूनही नवी फाईल तयार होत नाही आणि बाहेरून दिसणारं लक्षण हुबेहूब तेच असतं: डेटाबेस बंद, साइट बंद. फरक एवढाच की डिस्क भरली असेल तर रीबूटनेही डेटाबेस उठत नाही.

ठरावीक वेळेने पडतोय? क्लॅमएव्ही बघा

मेलसकट येणाऱ्या पॅनेलवर हा सर्वांत नेमाने दिसणारा बिघाड आहे. क्लॅमएव्हीची डीमन प्रक्रिया, म्हणजे क्लॅमडी, विषाणूंच्या खुणांचा पूर्ण साठा रॅममध्ये धरून बसते. तो साठा आज एक जीबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा घेतो. त्यात नव्या खुणा आल्या की जुना साठा जागेवर ठेवून नवा शेजारी चढवला जातो, म्हणजे स्कॅनिंग थांबत नाही. पण त्या काही सेकंदांत लागणारी रॅम जवळपास दुप्पट होते. दोन जीबीच्या सर्व्हरवर बाकी काहीही न करता एवढ्यानेच डेटाबेसचा बळी जातो. पहाटे कोणी साइटवर नसताना सर्व्हर पडतो, याचं कारण बहुधा हेच.

यावर दोन उपाय आहेत. क्लॅमडीच्या कॉन्फिग फाईलमध्ये ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ या सेटिंगचं मूल्य ‘नो’ करा. मग नवा साठा चढेपर्यंत स्कॅनिंग थांबतं, मेल थोडी खोळंबते, पण दुप्पट रॅम लागत नाही. चार जीबीच्या सर्व्हरसाठी हे पुरेसं आहे. त्याहून कमी रॅम असेल तर क्लॅमएव्ही काढूनच टाका. दोन-चार खाती असलेल्या वैयक्तिक मेल सर्व्हरवर त्याचा फायदा त्याने खाल्लेल्या रॅमच्या मानाने फारच कमी आहे.

काढतानाही एक खड्डा आहे. नुसती सेवा बंद केली तर मेल सर्व्हर तिची वाट बघत राहतो आणि येणारी मेल रांगेत अडकते. हेस्टियासीपी या पॅनेलवर हे तीन जागी करावं लागतं: एक्झिम या मेल सर्व्हरच्या टेम्प्लेट फाईलच्या वरच्या भागातली क्लॅमडीची ओळ कॉमेंट करा, हेस्टियाच्या मुख्य कॉन्फिग फाईलमधलं अँटीव्हायरस सिस्टिमचं मूल्य रिकामं करा, क्लॅमडीची सेवा थांबवून डिसेबल करा. मग एक्झिम रीस्टार्ट करून एक चाचणी मेल पाठवून बघा. व्हर्च्युअलमिन या पॅनेलवर त्रास कमी आहे. पहिल्यांदा लॉगिन केल्यावर जे प्रश्न येतात त्यांत क्लॅमएव्ही सर्व्हर चालवायचा का, हा एक असतो. तिथे नकार द्या.

पीएचपीचा हिशेब

सर्व्हर ठरावीक वेळी न पडता कधीही, विशेषतः गर्दी किंवा हल्ला आल्यावर पडत असेल तर पीएचपी-एफपीएमकडे, म्हणजे साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सेवेकडे, बघा. पॅनेल सहसा प्रत्येक साइटला वेगळा पूल, म्हणजे प्रक्रियांचा गट, देतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण प्रत्येक पूलची मर्यादा वेगळी असते आणि बेरीज कोणी करत नाही. समजा प्रत्येक पूलमध्ये ‘पीएम मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे कमाल प्रक्रिया, ८ आहे आणि साइट पाच आहेत. म्हणजे एका वेळी ४० प्रक्रिया चालू शकतात. साधारण प्लगइन असलेली वर्डप्रेसची एक प्रक्रिया ५० ते ८० एमबी घेते. चाळीस गुणिले साठ धरले तरी २४०० एमबी होतात, आणि सर्व्हर दोन जीबीचा!

उलटा हिशेब करा. दोन जीबीतून ऑपरेटिंग सिस्टिमला २५० एमबी, मारियाडीबीला ३००, वेब सर्व्हर आणि पॅनेलला मिळून २०० सोडा. थोडी जागा फाईल कॅशसाठी हवीच, तिला ३०० ठेवा. उरले साधारण ९५० ते १०००. त्याला ७० ने भागलं की १३-१४ प्रक्रिया मिळतात, त्या सगळ्या साइटमध्ये मिळून. म्हणून मुख्य साइटला ६, बाकीच्यांना दोन-दोन अशी वाटणी करा, आणि कमी वापराच्या साइटचा ‘पीएम’ प्रकार ‘ऑनडिमांड’ ठेवा, म्हणजे कोणी आलं नाही तर प्रक्रियाही नाही. आरएसएसच्या आकड्यात ऑपकॅशची (पीएचपीच्या तयार कोडच्या साठ्याची) सामायिक रॅम प्रत्येक प्रक्रियेत पुन्हा मोजली जाते, त्यामुळे खरा वापर थोडा कमी निघतो. तरी मर्यादा ठरवताना मोठा आकडाच धरा.

मर्यादा कमी केल्यावर पीएचपीच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठल्याची सूचना येऊ लागली, तर लगेच आकडा वाढवू नका. आधी ॲक्सेस लॉगमध्ये कोण येतंय ते बघा. वर्डप्रेसच्या एक्सएमएल-आरपीसी फाईलवर (बाहेरच्या ॲपना जोडणाऱ्या जुन्या सोयीवर) किंवा लॉगिन पानावर एकाच पत्त्यावरून शेकडो विनंत्या असतील तर ती गर्दी नाही, पासवर्ड फोडायचा प्रयत्न आहे. एक्सएमएल-आरपीसी वापरात नसेल तर वेब सर्व्हरच्या पातळीवरच बंद करा, म्हणजे विनंती पीएचपीपर्यंत पोचतच नाही. वर्डप्रेसचा अंतर्गत क्रॉन (ठरावीक वेळी कामं चालवणारी सोय) बंद करून त्याऐवजी पॅनेलमधून दर १५ मिनिटांनी चालणारा खरा क्रॉन लावला तरी बराच फरक पडतो.

डेटाबेसच्या बाबतीत इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये धरायची जागा) मुळात १२८ एमबी असतो आणि छोट्या सर्व्हरवर तो तसाच राहू द्यावा. मायएसक्यूएल ८ घेतलं असेल तर त्यातली परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामाची आकडेवारी) मुळातच चालू असते आणि बरीच रॅम धरते. दोन जीबीवर ती बंद करा. मारियाडीबीत ती आधीच बंद असते. छोट्या सर्व्हरला मारियाडीबी बरं, हे म्हणण्यामागे हे एक ठोस कारण आहे.

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, मात्र हवाच. अनेक क्लाउड सर्व्हर शून्य स्वॅपने मिळतात. दोन जीबी रॅमला दोन जीबीची स्वॅप फाईल करा. फाईल बनवून तिची परवानगी ६०० ठेवा, एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन चालवा, आणि एफस्टॅबमध्ये ओळ टाका. ही शेवटची पायरी विसरली की पुढच्या रीबूटनंतर स्वॅप गायब आणि दुखणं परत. स्वॅपिनेस (स्वॅपकडे वळायचा कल) ६० असतं, ते १० करा. स्वॅपमुळे रॅम वाढत नाही, पण अचानक आलेला झटका पचतो आणि कर्नलला कोणाला मारावं लागत नाही. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी प्रकारच्या कंटेनरमध्ये स्वतःचा स्वॅप सहसा लावता येत नाही. तिथे सेवाच कमी कराव्या लागतात.

मग पॅनेल कोणतं?

पहिला प्रश्न एकच: मेल याच सर्व्हरवर ठेवायची आहे का? बाकीचे निकष यानंतर.

मेल नको असेल तर क्लाउडपॅनेल हा माझ्या मते सर्वांत सरळ पर्याय आहे. त्यात मेल सर्व्हर नाही, नेम सर्व्हर नाही. वेब सर्व्हर म्हणून इंजिनएक्स, पीएचपी-एफपीएम, डेटाबेस, कॅशसाठी रेडिस आणि व्हार्निश, एवढाच पसारा. पीएचपीबरोबर नोड, पायथन आणि रिव्हर्स प्रॉक्सीच्या साइटही त्यात करता येतात. उबंटू आणि डेबियनवर चालतं, एआरएम प्रोसेसरवरही. किमान दोन जीबी रॅम आणि दहा जीबी डिस्क ही त्यांची अधिकृत अट आहे. ॲपाची हा दुसरा वेब सर्व्हर नसल्यामुळे त्याची एचटीॲक्सेस फाईल इथे चालत नाही. जुन्या साइटचे सगळे नियम त्या फाईलमध्ये असतील तर ते इंजिनएक्सच्या भाषेत लिहून घ्यावे लागतील. आणखी एक: बसवून झाल्या झाल्या पॅनेल उघडून ॲडमिन खातं तयार करा. मधल्या वेळात दुसरं कोणी ते पान उघडलं तर खातं त्याचं होतं. बसवण्यापूर्वीच फायरवॉलमध्ये पॅनेलचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा, फक्त तुमच्या आयपीला खुला ठेवणं सर्वांत चांगलं.

मेल हवी असेल तर हेस्टियासीपी. जुन्या व्हेस्टासीपीपासून फुटून निघालेलं, पूर्ण मुक्त स्रोत, फक्त डेबियन आणि उबंटूवर चालणारं. इंजिनएक्सच्या मागे ॲपाची अशी जोडी असल्यामुळे एचटीॲक्सेस जशीच्या तशी चालते. याची खरी ताकद बसवण्याच्या वेळच्या पर्यायांत आहे: क्लॅमएव्ही, स्पॅमअसॅसिन (स्पॅमची गाळणी), नेम सर्व्हर, एफटीपी, एवढंच काय एक्झिमसुद्धा ‘नो’ सांगून वगळता येतं. डोमेन जिथे नोंदवलं तिथेच डीएनएस ठेवणार असाल तर बाइंड हा नेम सर्व्हर नक्की वगळा. एक जीबीच्या सर्व्हरवर बसवायचंच असेल तर क्लॅमएव्ही आणि स्पॅमअसॅसिनशिवायच.

व्हर्च्युअलमिनचा पाया वेबमिन आहे आणि वेबमिन १९९७ पासून चालू आहे. रूप थोडं जुनाट, पर्याय डोकं गरगरावं इतके. पण एक गुण इतरांत क्वचितच सापडतो: ते प्रत्यक्ष कॉन्फिग फाईलच वाचतं आणि त्यांतच लिहितं. हाताने केलेला बदल पुसला जात नाही. सर्व्हर स्वतः हाताळायची सवय असलेल्यांनी आणि अल्मालिनक्स किंवा रॉकी वापरणाऱ्यांनी हेच घ्यावं. कमी रॅमसाठी छोटा प्रकार बसवता येतो.

आयएसपीकॉन्फिग अनेक सर्व्हर एका जागेवरून चालवायला उत्तम आहे. एकाच वैयक्तिक सर्व्हरला त्याची गरज नाही.

सायबरपॅनेल ओपनलाइटस्पीड या वेब सर्व्हरवर चालतं आणि वर्डप्रेसची कॅश चांगली देतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या एका छिद्रातून लॉगिन न करताच रूट अधिकार मिळवता येत होते. इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार पॅनेलं तेव्हा धोक्यात आली आणि अनेकांवर पीएसऑक्स नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने फाईल कुलूपबंद केल्या. छिद्र बुजवलं गेलं आहे, पण हे पॅनेल घेतलं तर त्याचा ८०९० पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. ओपनलाइटस्पीडमध्ये एचटीॲक्सेसचे फक्त रीराइट नियम वाचले जातात, आणि तेही बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. ‘नियम टाकला पण चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

सेंटओएस ७ वर बसवायला सांगणाऱ्या जुन्या मार्गदर्शिका आजही सापडतात. ती आवृत्ती ३० जून २०२४ ला संपली. तिच्यावर नवं काहीही बसवू नका, मग पॅनेल कोणतंही असो.

बसवतानाच अडकतं तेव्हा

पॅनेल नेहमी नुकत्याच टाकलेल्या, कोऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवा. आधी ॲपाची, डेटाबेस किंवा दुसरं पॅनेल होतं आणि ते काढून टाकलं, हे चालत नाही. मागे राहिलेल्या फाईल, पोर्ट आणि वापरकर्ते आड येतात. हेस्टिया तर ॲडमिन नावाचा वापरकर्ता किंवा गट आधीपासून असला तरी थांबतं, आणि काही पुरवठादारांच्या तयार इमेजमध्ये तो असतो. एक पॅनेल ‘अनइन्स्टॉल’ करून त्याच जागी दुसरं टाकण्यात वेळ घालवू नका. सिस्टिम नव्याने टाकायला पाच मिनिटं लागतात.

होस्टनेम पूर्ण हवं, म्हणजे सर्व्हरचं नाव, टिंब, डोमेन असं, आणि त्याची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी डीएनएस नोंद) सर्व्हरच्या आयपीकडे दाखवलेली हवी. मुख्य डोमेनच होस्टनेम म्हणून देऊ नका, पुढे त्याच नावाची साइट आणि मेल करताना गोंधळ होतो. रीबूटनंतर होस्टनेम किंवा होस्ट्स फाईल पूर्वपदावर जात असेल तर ते क्लाउड-इनिट या सुरुवातीची सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रॅमचं काम आहे. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘मॅनेज ईटीसी होस्ट्स’ बंद आणि ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ चालू करा.

बसवण्याची स्क्रिप्ट नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत चालवा, म्हणजे जोडणी तुटली तरी ती चालू राहते. नाहीतर इंटरनेट मध्येच तुटलं की अर्धवट बसलेलं पॅनेल दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा सुरुवात करणंच सोपं असतं.

पॅनेलचं पान उघडत नाही

सेवा चालू असूनही पान उघडत नसेल तर एसएस कमांडने पोर्ट ऐकतोय का बघा: हेस्टिया ८०८३, क्लाउडपॅनेल ८४४३, वेबमिन १००००, आयएसपीकॉन्फिग ८०८०. ऐकत असेल तर फायरवॉल, आणि फायरवॉल सहसा दोन असतात. एक सर्व्हरच्या आत, दुसरी पुरवठादाराच्या नियंत्रण पानावर. आतली उघडून लोक थांबतात, बाहेरची बंदच राहते.

डोमेनने उघडत नाही पण आयपीने उघडतं, असं असेल आणि साइट क्लाउडफ्लेअर या सेवेतून जात असेल तर तिची प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थी, तपासा. तिच्यातून ठरावीक पोर्टच जातात. ८४४३ जातो, ८०८३, ८०९० आणि १०००० जात नाहीत. पॅनेलसाठी वेगळं उपडोमेन करून त्याची प्रॉक्सी बंद ठेवा. साइटवर अनंत रीडायरेक्टचा संदेश येत असेल तर तेही तिथेच सापडेल: एसएसएल प्रकार ‘फ्लेक्सिबल’ असेल तर क्लाउडफ्लेअर सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर बोलतं, पॅनेल त्याला एचटीटीपीएसकडे परत पाठवतं, आणि हे चक्र थांबत नाही. सर्व्हरवर प्रमाणपत्र घेऊन ‘फुल स्ट्रिक्ट’ करा.

काल उघडत होतं, आज फक्त तुमच्याकडूनच उघडत नाही? मोबाइलच्या इंटरनेटवरून बघा. तिथून उघडलं तर फेलटूबॅनने, म्हणजे चुकीचे लॉगिन मोजून आयपी बंद करणाऱ्या सेवेने, तुमचा आयपी अडवलाय. चुकीचा जुना पासवर्ड साठवलेला मेल ॲप दर काही मिनिटांनी लॉगिनचा प्रयत्न करतो आणि घरादाराला अडवून ठेवतो. बंदी उठवण्याआधी त्या ॲपमधला पासवर्ड दुरुस्त करा, नाहीतर अर्ध्या तासात पुन्हा तेच.

प्रमाणपत्र दर दोन-तीन महिन्यांनी संपतं

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएससाठीचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि पॅनेल ते साधारण ३० दिवस उरले की नवं करू पाहतं. म्हणजे दुसऱ्या महिन्याअखेर नूतनीकरण फसलं तर तिसऱ्या महिन्याअखेर साइट लाल होते. मधला महिनाभर काहीच दिसत नाही. पूर्वी मुदत संपत आल्याची मेल यायची, ती ४ जून २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे स्वतंत्र देखरेख लावणं आता गरजेचं आहे.

फसण्याची कारणं मोजकीच आहेत. ८० नंबरचा पोर्ट बंद केला असेल तर पडताळणी होत नाही, एचटीटीपीएस कितीही नीट चालू असलं तरी. डोमेनला जुनी एएएए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ आधी वापरून बघतं आणि भलत्याच सर्व्हरवर पोचतं. ती नोंद दुरुस्त करा किंवा काढा. साइटच्या उपनावांत तिहेरी डब्ल्यू किंवा जुनं उपडोमेन असेल आणि त्यातल्या एकाची जरी डीएनएस नोंद नसेल तरी पूर्ण प्रमाणपत्र नाकारलं जातं.

बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. एका नावासाठी तासात पाच पडताळण्या फसल्या की थांबावं लागतं, आणि नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रं मिळतात. पॅनेल बदलण्याच्या नादात तीच साइट आठवड्यात पाच वेळा उभी केली तर ही दुसरी मर्यादा हमखास लागते. आधी लॉग वाचा. हेस्टियात तो त्याच्याच लॉग फोल्डरमध्ये वापरकर्ता आणि डोमेनच्या नावाने सापडतो. प्रमाणपत्रांची मुदत पुढे आणखी आक्रसणार आहे, १५ मार्च २०२९ पासून सर्वांसाठी कमाल ४७ दिवस. म्हणून नूतनीकरण आत्ताच पक्कं करून ठेवा.

हाताने केलेला बदल गायब होतो

हेस्टियासारखी पॅनेलं साइटची कॉन्फिग फाईल टेम्प्लेटवरून तयार करतात. पॅनेलमधून काहीही बदललं, किंवा प्रमाणपत्र नवं झालं, की फाईल नव्याने लिहिली जाते आणि तुमची ओळ जाते. टेम्प्लेटमध्येच बदल केला तर पॅनेलच्या पुढच्या अपडेटमध्ये मूळ टेम्प्लेट परत येतं. योग्य मार्ग दोन: टेम्प्लेटची प्रत वेगळ्या नावाने करून साइटला ती निवडा, किंवा साइटच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये पॅनेलने ठरवून दिलेल्या नावाची जोडफाईल ठेवा. क्लाउडपॅनेलमध्ये प्रत्येक साइटचं कॉन्फिग पॅनेलमधूनच बदलता येतं. तिथेच बदला, फाईल थेट उघडू नका.

फाईल रूट म्हणून एसएफटीपीने चढवल्या तर त्यांची मालकी रूटकडे जाते आणि वर्डप्रेस अपडेट करताना एफटीपीचे तपशील मागू लागतं. मालकी साइटच्या वापरकर्त्याला द्या, फोल्डर ७५५, फाईल ६४४. ७७७ हा उपाय नाही.

डिस्क भरत राहते

पहिला संशयित बॅकअप. पॅनेल रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर ठेवतं आणि तयार करताना तात्पुरती जागाही तेवढीच लागते. प्रती दोन-तीनवर आणा आणि बॅकअप दुसरीकडे पाठवा. त्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेल्यावर कामाचा नाही. दुसरा संशयित मायएसक्यूएल ८ चा बायनरी लॉग. तो मुळातच चालू असतो आणि ३० दिवस साठतो. रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची चालती प्रत) नसेल तर बंद करा किंवा मुदत दोन-तीन दिवसांवर आणा. त्या फाईल हाताने पुसू नका, डेटाबेसमधूनच पर्ज करा. तिसरा, सिस्टिमडीचा जर्नल. त्याला २०० एमबीची मर्यादा पुरते.

मेल जात नाही

बहुतेक क्लाउड पुरवठादार बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट मुळातच बंद ठेवतात. पॅनेलमध्ये कितीही सेटिंग बदला, मेल रांगेतच राहणार. सर्व्हरवरून दुसऱ्या कुठल्या मेल सर्व्हरच्या २५ वर जोडणी होते का ते आधी तपासा. होत नसेल तर पुरवठादाराकडून उघडून घ्या किंवा ५८७ वरून रिले लावा, म्हणजे दुसऱ्या सेवेमार्फत मेल पाठवा. जोडणी होत असूनही मेल स्पॅममध्ये पडत असेल तर उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, होस्टनेमशी जुळते का बघा. ती पॅनेलमध्ये नसते, पुरवठादाराच्या पानावर असते. मेल खरी असल्याचं पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी पॅनेल दाखवतं, पण डीएनएस बाहेर असेल तर त्या हाताने तिकडे न्याव्या लागतात. डीकेआयएमची किल्ली लांब असते, चिकटवताना एखादं अक्षर सुटलं तरी सही फसते.

पॅनेलचा दरवाजा

पॅनेल रूटच्या अधिकाराने काम करतं. एप्रिल २०१८ मध्ये व्हेस्टासीपीचे अनेक सर्व्हर एकाच हल्ल्यात गेले. २०१९ मध्ये वेबमिनच्या अधिकृत डाउनलोडमध्येच मागचा दरवाजा आढळला, तो १.९३० आवृत्तीत काढला गेला. नवं पॅनेलही यातून सुटलेलं नसतं, म्हणून पॅनेलचा पोर्ट जगाला दाखवायची गरजच नाही. घरचा आयपी स्थिर असेल तर तेवढाच उघडा ठेवा. बदलत असेल तर पोर्ट पूर्ण बंद करून एसएसएचच्या एल पर्यायाने बोगदा काढा आणि आपल्याच संगणकाच्या लोकलहोस्टवर पॅनेल उघडा. प्रमाणपत्राची सूचना येईल, ती अपेक्षित आहे.

पॅनेल बदलायचंच ठरलं तर

चालू सर्व्हरवर हात लावू नका. नवा सर्व्हर घ्या. दोन दिवस आधी डीएनएस नोंदींचा टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ साठवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर साइट आणि डेटाबेस उभे करा, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये नवा आयपी लिहून साइट तपासा. इतरांना तेव्हाही जुनीच दिसते. पीएचपीची आवृत्ती जुन्या सर्व्हरइतकीच ठेवा. स्थलांतर आणि आवृत्तीबदल एकाच दिवशी केले तर बिघाड कशामुळे, ते कळत नाही. सगळं जमलं की डेटाबेसची ताजी प्रत नेऊन डीएनएस बदला. मेल असेल तर जुना सर्व्हर निदान आठवडाभर चालू ठेवा आणि आयमॅपसिंक या साधनाने उशिरा पोचलेली मेल नव्यावर आणा. त्या आठवड्यात नव्या सर्व्हरवर रोज एकदा फ्री कमांड चालवून ‘अव्हेलेबल’चा आकडा टिपून ठेवा. दोन जीबीवर तो सतत ३०० एमबीच्या खाली जात असेल तर पीएचपीच्या मर्यादा जुना सर्व्हर बंद करण्याआधीच कमी करा.